क्रूरपणा माणसाच्या मुळातच असतो का?

नाममात्र (धागाकर्ता)

एखादी भयंकर बातमी आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "ही माणसं नव्हेतच, राक्षस आहेत." दुसरं, "माणूस मुळात असाच असतो, संधी मिळायचा अवकाश." गंमत म्हणजे दोन्ही बोलणारे बऱ्याचदा तेच लोक असतात, नुसता दिवस वेगळा असतो. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी हिंसा आणि क्रूरपणा यांची गल्लत टाळू. भूक, भीती, जागेवरचा हक्क, पिल्लांचं रक्षण यापायी होणारी हिंसा प्राणिसृष्टीत सगळीकडे आहे. क्रूरपणा म्हणजे समोरच्याला दुखतंय हे कळत असून, किंबहुना दुखावं म्हणूनच, केलेली गोष्ट. मांजर अर्धमेल्या उंदराशी खेळतं तेव्हा उंदरावर काय गुदरतंय याचा विचार मांजराच्या डोक्यात असेल, असं मानायला आधार नाही. माणसाच्या डोक्यात तो असतो. छळणाऱ्याला नेमकं कुठे बोट ठेवलं की समोरचा कळवळेल हे पक्कं ठाऊक असतं. एखाद्या बापाचा त्याच्या मुलांदेखत अपमान करावा हे ज्याला सुचतं, त्याला बापाचं मन कळत असलंच पाहिजे. दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्या डोळ्यांत पाणी आणणारी जी क्षमता आहे, तीच इथे उलट्या कामाला जुंपलेली असते.

म्हणून माझं म्हणणं असं की क्रूरपणा ही भूक-तहानेसारखी वेगळी प्रेरणा माणसात नाही. चार दिवस कुणाला छळलं नाही म्हणून कुणी कासावीस होत नाही. पण तो ज्यातून तयार होतो ते सगळं प्रत्येकात आहे. दुसऱ्याच्या वेदनेची कल्पना करता येणं, आपल्या गटाची ओढ, अन्यायाला शिक्षा व्हावी ही इच्छा, वरच्याचं ऐकायची सवय. यातली एकही गोष्ट मुदलात वाईट नाही, म्हणूनच ती काढून टाकता येत नाही.

मतं वाचायला आवडतील. "कलियुग आहे" एवढ्यावर कृपया थांबू नका.

---

तिरपागडा

चार दिवस कुणाला छळलं नाही तर कासावीस होणारी माणसं मी पाहिली आहेत हो, त्यातली दोन नात्यात आहेत. कृपया हलके घ्या.

आता गंभीरपणे. तुमची व्याख्या फार सोयीची आहे. "कळून-सवरून" ही अट घातली की प्राणी आपोआप सुटतात आणि माणूस एकटा सापडतो. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात १९७४ ते १९७८ या काळात जे झालं त्याला काय म्हणाल? जेन गुडॉल ज्या चिंपांझींचा अभ्यास करत होत्या त्यांच्या एकाच टोळीतून फुटून दोन टोळ्या झाल्या, कासाकेला आणि काहामा. चार वर्षांत कासाकेलाच्या नरांनी काहामाचे नर एकेक करून गाठले आणि संपवले. अनोळखी नव्हते ते, पूर्वी एकमेकांच्या अंगातल्या उवा काढत बसणारे होते. एकाला पकडून धरायचं आणि बाकीच्यांनी चावायचं, मारायचं, मग तसंच तडफडत टाकून निघून जायचं. तोवर चिंपांझी आपल्यापेक्षा सज्जन असावेत असंच खुद्द गुडॉल यांनाही वाटत होतं.

आपल्या सर्वात जवळच्या भाऊबंदांत हे असेल तर "मुळात नाही" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

---

रेघोट्या

तिरपागडा, भाऊबंद दोन आहेत, तुम्ही एकच सांगितला. बोनोबो जातीचे वानर आपल्याला चिंपांझीइतकेच जवळचे, आणि त्यांच्यात असं टोळीयुद्ध कधी नोंदलं गेलेलं नाही. भांडतात, चावतातही, पण शेजारच्या टोळीवर ठरवून चालून जात नाहीत. वंशावळीतून एकाच बाजूचा पुरावा उचलायचा असेल तर कुठलीही बाजू सिद्ध करता येते.

मला यात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांची मांडणी उपयोगी वाटते. आक्रमकता दोन प्रकारची असते. एक भडकून येणारी: धक्का लागला, डोकं फिरलं, हात उचलला. दुसरी थंड डोक्याची: योजना, टपून बसणं, संख्याबळ आपल्या बाजूने असेल तेव्हाच वार करणं. पहिल्या प्रकारात माणूस विलक्षण सौम्य आहे. एका विमानात दोन-तीनशे अनोळखी माणसं तासन्‌तास मांडीला मांडी लावून बसतात आणि सगळी धडधाकट उतरतात. चिंपांझींना असं बसवून बघा. दुसऱ्या प्रकारात मात्र आपला हात कुणी धरू शकत नाही. रँगम यांच्या मते या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. भडक डोक्याच्या दांडगटांना बाकीच्यांनी संगनमताने ठरवून संपवलं, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्यातून आपण माणसाळलो. म्हणजे आपल्या सौम्यपणाचं मूळच एका थंड हिंसेत आहे. खरं असेल तर "मूळचा चांगला की मूळचा वाईट" हा वादच मोडीत निघतो. अर्थात हा तर्क आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आणखी एक. २०१६ साली १,०२४ सस्तन प्राण्यांच्या जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपल्याच जातभाईच्या हातून होणारे मृत्यू एकूण मृत्यूंच्या किती, हा प्रश्न. वंशवृक्षावरून माणसासाठी अंदाज निघाला साधारण २ टक्के. सगळ्या सस्तन प्राण्यांच्या सरासरीपेक्षा बराच जास्त, पण वानरकुळात शोभणारा. यादीत सर्वात वरचा नंबर कुणाचा? मीरकॅटचा. दोन पायांवर उभं राहून गोड चेहऱ्याने बघणारा तो इटुकला प्राणी.

---

उलटतपासणी

रेघोट्या ताई, विदा (आकडेवारी) उत्तम, पण धाग्याच्या प्रश्नाला तो लागू कसा? हा आकडा प्राणघातक हिंसेचा आहे, आणि नाममात्र यांनी हिंसा व क्रूरपणा वेगळे करूनच सुरुवात केली होती. पिल्लांच्या चढाओढीत मीरकॅटची मादी दुसरीचं पिल्लू मारते. त्यात दुखावण्याचा हेतू शोधणं म्हणजे आपलं मन तिच्या अंगावर चढवणं.

पुरातत्त्वातही तीच अडचण येते. केनियात तुर्काना सरोवराजवळ नातारुक इथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे निदान २७ जणांचे अवशेष मिळाले. कवट्या फुटलेल्या, हाडांत दगडी पाती रुतलेली, काहींचे हात बहुधा बांधलेले असावेत अशी शरीरांची ठेवण. शेती नाही, राजा नाही, खासगी मालमत्ता नाही, तरीही कत्तल. "आदिमानव निष्पाप होता, संस्कृतीने बिघडवला" म्हणणाऱ्यांना हे अवघड जातं. पण हाडावरून वार कळतो, वार करणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही.

---

पाटीपेन्सिल

लहान मुलांमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून तेवढ्यापुरतं बोलते.

मूल निरागस असतं आणि जग त्याला मारामारी शिकवतं, हा समज बालवाडीत एक आठवडा काढला की गळून पडतो. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन दाखवलं की चावणं, ढकलणं, फटके मारणं याचं प्रमाण सर्वात जास्त असतं ते साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात. पुढे ते बहुतेकांचं कमी होत जातं. म्हणजे मारणं शिकवावं लागत नाही, थांबणं शिकावं लागतं. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात वीस वर्षांच्या तरुणाची ताकद नसते हे मानवजातीवर मोठेच उपकार आहेत!

पण याच वयाच्या मुलाला क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दीड वर्षाचं मूल अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतं, कपाट उघडता येत नसलं तर दार उघडून देतं, बक्षीस नसतानाही. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांचे २००६ चे प्रयोग आहेत, आणि आम्हाला तर रोजच दिसतं. चावणारं मूल आणि उचलून देणारं मूल एकच असतं. कधीकधी पाच मिनिटांच्या अंतराने.

खरा क्रूरपणा मी पाहते तो पुढे, आठ-दहाच्या वयात. एकीला खेळात घ्यायचं नाही, का तर तिघींनी ठरवलंय. तिच्या बोलण्याची नक्कल करायची, तीही ती ऐकेल अशा बेताने. हे दोन वर्षांच्या मुलाला जमणारच नाही, कारण त्याला दुसऱ्याच्या मनात इतकं आत शिरता येत नाही. या बाबतीत नाममात्र यांच्याशी शंभर टक्के सहमत.

एक इशारा मात्र देते. सहा आणि दहा महिन्यांची बाळंसुद्धा मदत करणाऱ्या बाहुलीला पसंत करतात, अडथळा आणणारीला नाही, असा २००७ चा एक गाजलेला प्रयोग "माणूस जन्मतः चांगला" म्हणून सगळीकडे फिरतो. अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर परत केला, २०२४ मध्ये निष्कर्ष आले, आणि बाळांनी दोन्ही बाहुल्या जवळपास सारख्याच निवडल्या. तेव्हा तो कुणी इथे आणू नये.

---

सुप्तज्वालामुखी

सगळे फार सभ्यपणे चर्चा करताहेत. मजा येते लोकांना, हे कुणी म्हणणार आहे का?

२०१३ च्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात लोकांना चार अप्रिय कामांतून एक निवडायला सांगितलं. किडे मारणं, किडे मारायला मदत करणं, घाण शौचालय साफ करणं, किंवा बर्फाच्या पाण्यात हात घालून कळ सोसणं. किडे चिरडायला एक कुरकुर आवाज करणारं यंत्र होतं आणि किड्यांना मुद्दाम गोंडस नावं दिलेली होती. (प्रत्यक्षात किडे मरत नव्हते, आत आडकाठी होती.) किडे मारणं निवडणारे थोडेथोडके नव्हते. आणि चाचणीत ज्यांची परपीडेची आवड जास्त दिसली, त्यांनी ते जास्त निवडलं. ही तुरुंगातली माणसं नव्हती, साधे विद्यार्थी होते.

मी काही वर्षं एका मोठ्या ऑनलाइन समूहाचं नियंत्रण केलंय. तिथे आलेल्या तक्रारी वाचून माझा माणसावरचा विश्वास बराच पातळ झाला. पण एक गोष्ट नाममात्र यांच्या बाजूची सांगतो. निव्वळ मजेसाठी त्रास देणारे थोडे असत, नेहमीचे यशस्वी, बंदी घातली की दोन दिवसांत नवा आयडी. त्यांच्यापेक्षा भयंकर असत ते सज्जन. कुणीतरी काहीतरी मूर्खासारखं लिहायचं, आणि मग शेकडो लोक त्याला "धडा शिकवायला" उतरायचे. त्याच्या नोकरीपर्यंत, आईवडिलांपर्यंत, दिसण्यापर्यंत. यातल्या एकालाही आपण क्रूर आहोत असं वाटत नसे. विचारलं तर सांगत, आम्ही न्याय करतोय. मजा येत होती का? अर्थात येत होती. पण ती कबूल करावी लागत नव्हती, ही खरी सोय.

---

जुनाखोड

वरील प्रतिसादातील मजेच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो.

सार्वजनिक देहदंड ही युरोपात शतकानुशतके करमणूक होती. लोक मुलांना घेऊन जात, चांगली जागा मिळावी म्हणून आधी जात. मध्ययुगापासून पुढे पॅरिसमध्ये उन्हाळ्याच्या सणाला जिवंत मांजरे होळीवर टांगून जाळत, आणि प्रसंगी राजाही हजर असे. इंग्लंडात बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याचा खेळ राजदरबारी होता. तो कायद्याने बंद झाला १८३५ साली. ब्रिटनमधील शेवटची जाहीर फाशी १८६८ ची. फ्रान्समध्ये तर गिलोटिनखाली शेवटचा जाहीर शिरच्छेद जून १९३९ मध्ये, व्हर्सायला झाला. गर्दीचे वर्तन इतके बेताल होते की सरकारलाच लाज वाटून पुढचे देहदंड तुरुंगाच्या भिंतीआड गेले.

आता मला सांगा, या काळात माणसाचे रक्त बदलले काय? आठ-दहा पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. जे दृश्य पाहायला खापरपणजोबा धावत गेले असते ते पाहून नातवंडाला भोवळ येते. जी गोष्ट इतक्या लवकर बदलते तिला स्वभाव म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आशावादी मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. १९३९ च्या जूनमध्ये गर्दीची लाज वाटणारा तो खंड त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कुठे निघाला हे सर्वांना ठाऊक आहे. जे इतक्या लवकर जाते ते परतही तितक्याच लवकर येते.

---

तिरपागडा

जुनाखोड काका, दंडवत. पण तुमचं शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे बरं का. संधी मिळायचा अवकाश, हेच तर मी म्हणतोय.

---

कोरडा पाऊस

संधीचाच विषय निघालाय तर मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅमला टाळता येणार नाही. त्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच.

१९६१, अमेरिकेतलं येल विद्यापीठ. "स्मरणशक्तीचा प्रयोग" म्हणून बोलावलेल्या माणसाने पलीकडच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला चुकीच्या उत्तराला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढवत. विद्यार्थी नट, झटके खोटे. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. एवढं सांगून लोक थांबतात आणि "बघा, माणूस!" म्हणतात.

पुढचं ऐका. मिलग्रॅमने मांडणी बदलून तोच प्रयोग अनेकदा केला. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला, तर शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून पट्टीवर टेकवायला लावला, तर ३० टक्के. हुकूम देणारा खोलीतून गेला आणि फोनवरून सांगू लागला, तर साधारण पाचांत एक. काही जण तर फोनवर "हो, वाढवतोय" म्हणत आणि खालचंच बटण दाबत! आणि झटका किती द्यायचा हे ज्याचं त्याला ठरवू दिलं, तेव्हा जवळजवळ सगळे खालच्या पातळीवरच रेंगाळले.

शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. आत छळाची भूक असती तर मोकळीक मिळाल्यावर ती दिसायला हवी होती. मोकळीक मिळाली आणि माणसं मऊ वागली. हुकूम होता तेव्हा पुढे गेली, तीसुद्धा घामाघूम होत, थरथरत, मध्येच वेड्यासारखी हसत.

आक्षेप आहेत. काहींना झटके खोटे असल्याचा संशय होता, असं मिलग्रॅमच्याच कागदपत्रांवरून नंतर मांडलं गेलंय. स्टॅनफर्डच्या १९७१ च्या तुरुंग-प्रयोगाबद्दल (विद्यार्थ्यांनाच पहारेकरी आणि कैदी बनवलं होतं तो) मात्र मी बोलणारच नाही. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला, पहारेकरी आपोआप क्रूर झाले, ही कथा छान आहे. पण "कडक वागा" असं पहारेकऱ्याला समजावणारं ध्वनिमुद्रणच पुढे आलंय. आपोआप कसलं डोंबलाचं!

---

अर्धविराम

वाचतेय सगळं. मी परिचारिका आहे, कामाचं ठिकाण सांगत नाही.

मला धाग्याची व्याख्याच अपुरी वाटते. "दुखावं म्हणून केलेलं" तो क्रूरपणा, असं म्हटलं तर मी इतक्या वर्षांत क्रूरपणा फारसा पाहिलाच नाही असं होईल. आणि मी तर रोज पाहिलाय. म्हातारा माणूस पाणी मागतोय, त्याला ऐकू येईल एवढ्या अंतरावर दोघं गप्पा मारताहेत. बाईचं अंग उघडं टाकून पडदा न ओढता निघून जायचं. "सातला सुई द्यायचीय", "सात फार ओरडतोय", सात म्हणजे माणूस. यात कुणालाही कुणाला दुखवायचं नसतं. तुम्ही म्हणता ती वेदनेची कल्पना वगैरे काही नसतंच, तिची जागा रिकामी असते. आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याला हेतूने काय फरक पडतो?

माझ्या मते मुद्दाम छळणारे थोडे. न बघणारे पुष्कळ. आणि थोड्यांचं चालतं ते या पुष्कळांमुळे.

---

नाममात्र

अर्धविराम ताई, आतापर्यंतचा सर्वात अडचणीत टाकणारा प्रतिसाद.

तरी एक विचारतो. ती जागा रिकामी असते, की बंद केलेली असते? नेदरलँड्समध्ये २०१३ साली मनोविकृत गुन्हेगारांच्या मेंदूंचा अभ्यास झाला. दुसऱ्याला दुखतानाची चित्रफीत पाहताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतरांपेक्षा क्षीण होता, हे अपेक्षितच. मग त्यांना मुद्दाम सांगितलं, त्या माणसाला काय वाटतंय ते जाणवून घ्यायचा प्रयत्न करा. तेव्हा तो फरक बराचसा मिटला. ज्यांच्यात सहवेदना नाहीच असं आपण धरून चालतो त्यांच्यातही ती होती, आपोआप चालू होत नव्हती एवढंच. तुमच्या वॉर्डातली माणसं तर घरी जाऊन आपल्या मुलाच्या तापाने हवालदिल होणारी. त्यांनी बटण बंद केलंय. काही प्रमाणात त्याशिवाय ती नोकरी करताच येणार नाही, हेही मान्य.

दुसरं, "माणूस मानलंच नाही म्हणून क्रूर वागले" ही उपपत्ती मला पूर्ण पटत नाही. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवस तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल चालली, रेडिओवरून त्यांना झुरळं म्हटलं जात होतं. हे खरंच. पण झुरळाला कुणी गयावया करायला लावत नाही. १९३८ च्या मार्चमध्ये, नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर, व्हिएन्नात ज्यूंना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावले आणि भोवती लोक हसत उभे राहिले. ज्याला लाज आहे, प्रतिष्ठा आहे, त्यालाच असं खाली बसवण्यात अर्थ असतो. हसणाऱ्यांना ती माणसं आहेत हे नीट माहीत होतं. तुमचा सात नंबर आणि व्हिएन्नात गुडघ्यांवर बसवलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

संपादक मंडळ

मांसाहार आणि प्राणिहत्या यावरील सोळा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. परत इथे आणू नयेत.

---

उलटतपासणी

नाममात्र, वेगळ्या असतील, पण एका रांगेत उभ्या आहेत. कागदोपत्री नीट तपासलं गेलेलं एक प्रकरण सांगतो, त्यात दोन्ही दिसतात.

जर्मनीची १०१ क्रमांकाची राखीव पोलीस तुकडी. सुमारे ५०० माणसं, बहुतेक हॅम्बर्गची, मध्यमवयीन, घरसंसाराची, आघाडीवर लढायला वयाने जास्त म्हणून इथे पाठवलेली. १३ जुलै १९४२ च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफूफ गावाबाहेर त्यांच्या मेजर ट्रापने त्यांना काम सांगितलं. गावातल्या ज्यूंपैकी धडधाकट पुरुष बाजूला काढायचे आणि बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. सांगताना ट्रापचा आवाज कापत होता. आणि त्याने एक विलक्षण गोष्ट केली. ज्या वयस्कांना हे झेपणार नाही असं वाटतं त्यांनी बाजूला व्हावं, असं सांगितलं.

एक जण पुढे आला. त्याच्या कॅप्टनने त्याला तिथेच झापलं. ट्रापने कॅप्टनला गप्प केलं. त्यानंतर आणखी दहा-बारा जण पुढे आले. बाकीचे गेले जंगलात.

या तुकडीने पुढे जे केलं त्याचा आकडा ३८,००० गोळ्या घातलेल्यांपर्यंत जातो. शिक्षेची भीती होती म्हणावं, तर निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला भयंकर शिक्षा झाल्याचं एकही प्रकरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचाव पक्षाला दाखवता आलं नाही. मी वकील आहे, मला यातलं हे सगळ्यात जास्त खुपतं. असं प्रकरण सापडावं म्हणून त्यांनी काय जिवाचं रान केलं असेल!

---

तिरपागडा

पाचशेपैकी बारा. यापुढे मी वेगळं काही लिहायची गरज आहे का?

---

कोरडा पाऊस

आहे. पहिला एक जण पुढे आला, वरिष्ठाने त्याला वाचवलं, आणि मग बाकीचे आले, हा क्रम बघा. मिलग्रॅमच्या एका मांडणीत झटके देणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघं बसवले होते, तेही नट. ते ठरल्याप्रमाणे मध्येच उठले आणि म्हणाले, आम्ही नाही करणार. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले. माणसं तशीच, यंत्र तेच.

युझेफूफमध्ये विचार करायला किती वेळ होता? काही सेकंद, सगळ्यांदेखत रांगेतून पाऊल बाहेर टाकायचं.

---

उलटतपासणी

आणि बारावर गोष्ट थांबत नाही, तिरपागडा. गोळीबार सुरू झाल्यावर बऱ्याच जणांनी काढता पाय घेतला. कुणी सार्जंटला सांगून दुसरं काम मागितलं, कुणी ट्रकमागे रेंगाळले, कुणी मुद्दाम नेम चुकवला. या तुकडीच्या जबान्या अभ्यासणारे ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांचा अंदाज आहे की १० ते २० टक्के जणांनी अशी सुटका करून घेतली असावी. म्हणजे ८० टक्के शेवटपर्यंत होते, हेही तितकंच खरं. ते लपवत नाही.

मला या जबान्यांत विचित्र वाटतं ते कारण. सुटका मागणाऱ्यांतल्या बहुतेकांनी "हे पाप आहे" असं सोबत्यांना सांगितलं नाही. "मी दुबळा आहे, मला झेपत नाही" असं सांगितलं. त्या गटात राहायचं तर तेवढंच सांगता येत होतं.

---

सुप्तज्वालामुखी

म्हणजे "मला झेपत नाही" म्हटलं की उरलेले आपोआप मर्द ठरले. कुणाच्याच वागण्यावर बोट ठेवलं गेलं नाही. आमच्या समूहातही हेच होतं. झुंडीतून बाहेर पडणारे कधी "तुम्ही चुकताय" लिहीत नसत, "मला जरा कामं आहेत" लिहून गायब होत.

---

अर्धविराम

नवीन मुलगी वॉर्डात येते, "आजोबा" म्हणून, नावाने हाक मारून बोलते. पहिल्याच आठवड्यात तिला चिडवलं जातं, फार हळवी आहे, हिचं कसं व्हायचं. रागावून नाही, लाडाने चिडवतात. वर्षभरात तीही नंबर म्हणायला लागते. मी पण म्हणायला लागले होते.

---

पाटीपेन्सिल

मग यावर काही करता येतं का? वर्गात मी तरी त्या तिघींपैकी जी कचरत असते तिला हेरते. म्होरकीला बोलून उपयोग होत नाही. कचरणारीला बाजूला घेऊन, "तुला नाही ना आवडत हे?" एवढं विचारलं की निम्म्या वेळा त्रिकूट फुटतं. मोठ्यांच्या वॉर्डात काय चालतं?

---

अर्धविराम

भाषणांनी काही झालं नाही, संवेदनशीलता वगैरे प्रशिक्षणं दोन झाली. मग एका सिस्टरने प्रत्येक खाटेच्या वर रुग्णाचं नाव आणि त्याला काय हाक मारलेली आवडते ते ठळक लिहायला लावलं, आणि कामाच्या हस्तांतरणात नावानेच बोलायचं असा नियम केला. सुरुवातीला सगळ्यांनी नाक मुरडलं. पण "जोशी काका ओरडतायत" असं म्हणून बसून राहणं, "सात ओरडतोय" म्हणून बसून राहण्यापेक्षा अवघड जातं, हे मी पाहिलंय. दिवसपाळीत फरक पडला. रात्रपाळीत नाही पडला. रात्री दोघींवर अख्खा वॉर्ड असतो, तिथे अजून नंबरच चालतात.

---

तिरपागडा

रात्रपाळीला तिसरी बाई द्या म्हणावं. माझं मत आहे तेच आहे, पण हा खर्च मी मंजूर करेन.